साईड बी: रोवणा

माझ्याकडे एक वही आहे. लांबट, लाल कापडाच्या पाठीची, किराणा दुकानात उधारीसाठी असते तसली. तिच्यात उधारी थोडी आणि गाणी जास्त आहेत. डाव्या कडेला गावाचं नाव, त्यापुढे माणसाचं, मग गाण्यांचे पहिले दोन-तीन शब्द एकाखाली एक, आणि उजव्या कडेला ६० किंवा ९०, म्हणजे कॅसेट किती मिनिटांची ते. सगळ्यात शेवटी ‘दिली’. काही ठिकाणी ‘दिली’ नाही. तिथे ‘पोळ्याच्या आधी’, ‘लग्न २ तारखेला, घाई’, ‘नाव आठवत नाही, चाल म्हणून दाखवली’ असं लिहिलेलं आहे.

ही वही वडशाच्या एका कॅसेटच्या दुकानाची. सरकारी कागदावर गावाचं नाव देसाईगंज, पण आमच्याकडे कोणी देसाईगंजला जात नाही, सगळे वडशालाच जातात. वैनगंगेच्या काठावरचं गाव. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया असे चार जिल्हे इथे एकमेकांना खेटून आहेत. गडचिरोली जिल्हा १९८२ साली वेगळा झाला तेव्हा रेल्वे स्टेशन त्याच्या वाट्याला आलं ते हेच एक. गोंदियाहून चांद्याकडे, म्हणजे चंद्रपूरला, जाणारी गाडी तेव्हा छोट्या लाइनीवरून चालायची, आणि तिच्यातून उतरणारी माणसं बाजार करून, सिनेमा पाहून, संध्याकाळच्या गाडीने परत जायची. जाताना बरेच जण या दुकानात डोकावत.

दुकानाला नाव होतं, पाटीवर रंगवलेलंही होतं. पण ते नाव घेऊन कोणी पत्ता विचारत नसे. ‘टेपवाल्याकडे’ म्हटलं की पुरे. आम्ही पोरं त्यांना काका म्हणायचो, माझी आई भाऊ म्हणायची. सात-आठ फुटांची ती खोली. समोर लाकडी काउंटर, त्यावर काच, काचेखाली कॅसेटींची कव्हरं. मागच्या भिंतीला छतापर्यंत खण. कोपऱ्यात दोन डेक एकावर एक, आणि काकांच्या गळ्यात कायम हेडफोन, ज्याच्या एका कानाचा फोम निघालेला असल्यामुळे तिथे सुती कापड शिवलेलं होतं. आत गेलं की आधी स्पिरिटचा वास यायचा. काडीला कापूस गुंडाळून, स्पिरिटमध्ये बुडवून ते दर दोन कॅसेटींनंतर डेकचं हेड पुसत. कापूस तपकिरी व्हायचा. तो तपकिरी रंग म्हणजे फितीवरून सुटलेली गंजाची भुकटी, हे त्यांनीच मला सांगितलं होतं. गाणं गंजात साठवता येतं, हे ऐकून मला कितीतरी दिवस दुसरं काही सुचलं नव्हतं.

कॅसेटच्या आधीची गोष्ट सांगायला हवी, कारण तिचा आमच्या भागाशी फार जवळचा संबंध आहे आणि ती आमच्या भागातच फारशी कोणी सांगत नाही.

माझा आजा लाख काढायचा. आमच्याकडे बांधावर, रानात जिकडेतिकडे पळस. पळसाच्या आणि कुसुमाच्या फांद्यांवर लाखेचे किडे बसतात, रस शोषतात आणि अंगाभोवती राळेसारखं कवच तयार करतात. त्या फांद्या तोडायच्या, लाख खरवडायची, पोत्यात भरायची आणि बाजारात व्यापाऱ्याला द्यायची. तिथून ती गोंदियाला जाई. गोंदियाची लाखेची आणि डिंकाची पेठ जुनी. लाखेच्या बांगड्या होतात, सोनार दागिन्यात लाख भरतात, लाकडाला चमक देतात, एवढं आजाला ठाऊक होतं. ज्या काळ्या तबकड्यांवर विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातलं जगभरचं गाणं कोरलं गेलं, त्या मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या रेकॉर्डी लाखेच्याच होत्या, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. लाख, दगडाची बारीक पूड आणि काजळी यांचं मिश्रण तापवून, दाबून त्या बनत. म्हणूनच हातातून पडली की बांगडीसारखी फुटे. जगात लाख पुरवणारा सगळ्यात मोठा देश आपला. १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्यात गायिका गौहर जान रेकॉर्डीसाठी गायल्या तेव्हापासून पुढची पन्नासेक वर्षं, आपल्याकडे तर त्याहूनही जास्त, गाणं म्हणजे लाख असंच समीकरण होतं. एका बाजूला साधारण तीन मिनिटं मावत, आणि तेवढ्यात मांडायला गवई शिकले.

आजाने काढलेली लाख नेमकी कुठल्या तबकडीत गेली हे कोण सांगणार. पण कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात दाबलेल्या आणि लग्नाच्या मांडवात भोंग्यावरून वाजलेल्या एखाद्या रेकॉर्डीत आमच्या बांधावरच्या पळसाचा कण असेल, असं मला वाटतं आणि ते वाटणं मला सोडवत नाही. आमच्याकडून लाख गेली आणि गाणं परत आलं. मध्ये कुठेही आमचं गाणं त्यात नव्हतं.

काकांचे वडील लाऊडस्पीकरवाले होते. लग्नं, बारशी, गणपती, शारदा. बैलगाडीत अँप्लिफायर, बॅटरी, दोन भोंगे आणि रेकॉर्डींची पेटी. त्या पेटीतल्या लाखेच्या पाच-सहा तबकड्या दुकानात वरच्या खणात उभ्या ठेवलेल्या असत. वाजवायला यंत्र नव्हतं. काका कधीमधी त्या फडक्याने पुसून परत ठेवत.

कॅसेट आली आणि हे सगळं बदललं. फिलिप्सने ती १९६३ साली बाजारात आणली, पण आमच्यापर्यंत पोचायला वीस वर्षं लागली. आखाती देशांत गेलेल्यांनी आणलेले टू-इन-वन, मग इथे बनलेले स्वस्त टेप. दिल्लीच्या गुलशन कुमार यांच्या टी-सीरीजने कॅसेटची किंमत इतकी खाली आणली की ती पानठेल्यावर, किराण्यात, एसटी स्टँडवर मिळायला लागली. रेकॉर्ड दाबायला कारखाना लागे, कॅसेट भरायला एक खोली आणि दोन डेक पुरत. म्हणून तर वडशासारख्या गावात काकांचं दुकान होऊ शकलं.

दुकानात कंपनीच्या कॅसेटी विकायला होत्याच, पण लोक यायचे ते ‘भरून’ घ्यायला. चिठ्ठीवर गाणी लिहून आणायची, काका वहीत उतरवणार आणि पुढच्या बाजाराला ये म्हणणार. साठ मिनिटांच्या कॅसेटला आठवडा का लागतो, हे मला आधी कळत नसे. दोन डेक होते आणि दुप्पट वेगाने उतरवायचं बटणही होतं. काका ते बटण कधी वापरत नसत. घाईत उतरवलं की बारीक आवाज मरतात, घुंगरू मरतात, असं त्यांचं म्हणणं होतं. फीत सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर सरकते. अर्ध्या तासाच्या एका बाजूला सुमारे ८६ मीटर. तेवढं अंतर ते प्रत्येक गिऱ्हाइकासोबत पायी चालल्यासारखे चालत. हेडफोन कानाला, पाय हलकेच हलत, एका हातात पेन.

याचा अर्थ मला फार उशिरा कळला. चार जिल्ह्यांतल्या शेकडो माणसांनी मागितलेलं प्रत्येक गाणं या एका माणसाने त्या-त्या माणसासाठी, पहिल्यापासून शेवटपर्यंत, ऐकलेलं होतं. आरमोरीच्या शिक्षकाला काय आवडतं, कुरखेड्याच्या कंपाउंडरच्या बायकोला काय, लाखांदूरच्या बँडवाल्याला काय, सगळं त्यांना ठाऊक. कोणी म्हणे, ‘काका, सिनेमाचं नाव माहीत नाई.’ ते म्हणत, ‘नाव कायले पायजे? कसं हाये ते म्हणून दाखव.’ पोरगा लाजत लाजत गुणगुणे. दुसरी ओळ यायच्या आत काकांचा हात खणाकडे गेलेला असे.

आणि उरलेली जागा. भरून घेणाऱ्या सगळ्यांना ही उरलेली जागा ठाऊक असेल. सहा-सात गाणी भरली की बाजूच्या शेवटी दोन-तीन मिनिटांची फीत रिकामी राहते. बाकीचे दुकानदार ती तशीच सोडत किंवा कुठल्याही गाण्याचा तुकडा डकवत. काका ती जागा स्वतःच्या पसंतीने भरायचे. वहीत त्याची नोंद असे, एका छोट्या फुलीनंतर. न मागता दिलेलं गाणं. मी आठवीत असताना मामाकडून टेप मिळाला आणि माझी पहिली कॅसेट मी भरून घेतली, सगळी सिनेमाची. दुसऱ्या बाजूच्या शेवटी अचानक तंबोरा लागला आणि एका शांत आवाजात मराठी गझल सुरू झाली. शब्द सुरेश भटांचे, आवाज भीमराव पांचाळे यांचा. दोघंही अमरावतीकडचे, म्हणजे आमच्यापासून अख्खा विदर्भ ओलांडून पलीकडचे, पण मला तेव्हा ते कुठलेच नव्हते. मला फक्त एवढंच कळलं की मराठीत असंही बोलता येतं. दुसऱ्या शेराच्या मध्यात फीत संपली आणि बटण खट्‌कन वर आलं. पुढे काय, हे विचारायला मी पुढच्या बाजाराला तीन कोस चालत गेले. काका म्हणाले, ‘आली ना? मले वाटलंच.’ मग त्यांनी मला काउंटरच्या आत बसवलं आणि हेडफोन दिला.

आज ती गझल माझ्या फोनवर आहे. पूर्ण ऐकते. पण दुसऱ्या शेराच्या त्या जागी कान अजून खट्‌ ऐकायला थांबतो.

वही चाळली की वर्ष कसं फिरतं ते दिसतं. मार्चच्या शेवटाला भीमगीतं सुरू होतात, १४ एप्रिलपर्यंत दुसरं काही नाही. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप, आणि त्यांच्यासोबत आसपासच्या गायन पार्ट्या. मे महिना लग्नांचा, बिदाईची गाणी. आषाढात विठ्ठल. मग रोवण्याचे, म्हणजे धानाच्या लावणीचे दिवस, आणि वहीची दोन-तीन पानं जवळजवळ कोरी, कारण सगळे चिखलात. पोळ्यानंतर गणपती, शारदा. ऑक्टोबरात तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीची भजनं, खंजिरीची. दिवाळीपासून नाटकं.

नाटकांचं वेगळं सांगायला हवं. झाडीपट्टीचं, म्हणजे आमच्या या पूर्व विदर्भाचं, नाटक दिवाळीपासून होळीपर्यंत चालतं. धान कापून झालेलं, हातात पैसा आलेला, गावात शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, मंडई म्हणजे जत्रा, आणि रात्री नाटक. कनात लावून, रात्रभर, हजारोंच्या गर्दीत. नाटक कंपन्यांचा कारभार वडशातूनच चालतो. मुंबई-पुण्याला या रंगभूमीची ओळख अलीकडची. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा बऱ्याच जणांनी हे नाव पहिल्यांदा ऐकलं. काकांना मात्र कोण नट कुठल्या पट्टीत गातो हे पाठ होतं. ऑर्गन, तबला आणि समोर हजारो माणसं. ते स्टेजच्या माईकवरून वायर ओढून नाटकं उतरवून घेत आणि मागणाऱ्याला भरून देत. त्या कॅसेटींत संवादांपेक्षा टाळ्या आणि रडणारी लेकरं जास्त, पण त्या खपत.

खणांची रांगही मी डोळे मिटून सांगू शकते. वर हिंदी. मग मराठी. त्याखाली छत्तीसगडी, कारण गोंदियाकडच्या गिऱ्हाइकांना ती हवीच. एका खणात बंगाली, मुलचेऱ्या-चामोर्शीकडच्या वस्त्यांमधून येणाऱ्यांसाठी. एक खण गोंडीचा. आणि सगळ्यात खाली, काकांच्या गुडघ्याच्या उंचीवर, ज्यांना कुठलंच कंपनीचं कव्हर नव्हतं अशा कॅसेटी. पांढऱ्या पट्टीवर निळ्या शाईने लिहिलेल्या. दंडार, अमुक गाव. भजन मंडळ, तमुक गाव. कीर्तन. गोंधळ. या खणाला ते ‘घरचा माल’ म्हणत.

हे सगळं कायद्यात बसत नव्हतं, हे सांगायलाच हवं. कॉपीराइटचा कायदा १९५७ पासून होता आणि १९८४ साली त्यात शिक्षा वाढवली गेली. भरून दिलेल्या गाण्यांचा एक पैसा गाणाऱ्याला, लिहिणाऱ्याला, वाजवणाऱ्याला जात नसे. ज्या कलावंतांनी मला घडवलं त्यांचं हक्काचं मी फुकट घेतलं, हे मला आज बोचतं. काकांनाही ते कळत असावं. असं म्हणण्याचं कारण पुढे येईल.

१९८८ चा ऑगस्ट. पाऊस त्या वर्षी चांगला झाला होता, रोवणे आटोपले होते. आई, मोठी काकू, आत्या आणि शेजारची मावशी अशा चौघी बाजाराला निघाल्या आणि मीही मागे लागले. रोवणा ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. चिखल केलेल्या बांधीत बायका ओळीने उभ्या राहतात, कमरेत वाकून, डाव्या हातात पऱ्ह्यांची, म्हणजे रोपांची, जुडी, उजव्या हाताने तीन-चार काड्या सुटवायच्या आणि चिखलात खोचायच्या, आणि मागे मागे सरकायचं. दिवसभर. डोक्यावर प्लॅस्टिकचं पोतं, पाठीवर पाऊस. कंबर मोडते. म्हणून गातात. अर्धी ओळ एकजण म्हणते, उरलेली अर्धी बाकीच्या झेलतात. हाताचा आणि गाण्याचा ठेका एकच असतो. गाणं थांबलं की ओळ वाकडी होते, असं आई म्हणते.

दुकानात गर्दी नव्हती. मोठ्या काकूच्या मुलाने नुकताच टेप आणला होता आणि काकूला कॅसेट भरून हवी होती. काकांनी वही उघडली. ‘कोणतं गाणं पायजे बाई?’

काकू म्हणाली, ‘आमाले रोवण्याचं पायजे.’

‘ते कोनाच्याच कॅशेटीत नाई.’

काकूला ते खरंच वाटेना. ती खणांकडे बघत राहिली. एवढ्या कॅसेटी, आणि जे गाणं आरमोरीपासून अर्जुनीपर्यंत प्रत्येक बांधीत ऐकू येतं, तेच नाही? तिला वाटलं, भाऊ आपल्याला गरीब समजून टाळतात. तिचा चेहरा पडला. मला तो आजही दिसतो.

काकांनी पेन खाली ठेवलं. थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग उठून अर्धं शटर ओढलं, नाटकाचा माईक काढला, काउंटरवर पितळी तांब्याला टेकवून उभा केला आणि एक कोरी कॅसेट फोडली. तिच्या वरच्या बाजूला आधीच भजनं भरायचं ठरलं होतं, म्हणून उलटी लावली. साईड बी.

‘हं, म्हना.’

चौघी एकमेकींकडे बघायला लागल्या. उभ्याने गाता येईना. आत्याने कमरेत वाकून पाहिलं, मावशीला हसू आलं, मग सगळ्यांनाच आलं. पहिली दोन-तीन मिनिटं त्या हसण्यातच गेली आणि काकांनी टेप थांबवला नाही. बाहेर पाऊस सुरू झाला, टिनावर वाजायला लागला. आणि त्या आवाजाने जणू आठवण दिल्यासारखं, आईने सुरुवात केली. हात रिकामे होते म्हणून तिने पदराचं टोक चिमटीत धरलं आणि ठेक्यावर ती चिमटी खाली-वर होत राहिली. बाकीच्या तिघींनी झेललं. मी काउंटरच्या कोपऱ्यावर बसले होते. आईला मी रोज गाताना ऐकत होते, बांधीत, जात्यावर, लेकरू निजवताना. पण त्या दिवशी डेकवरचे ते दोन काटे तिच्या आवाजाबरोबर उजवीकडे झुकत होते, लाल रेषेपर्यंत जात होते आणि परत येत होते. हिंदी गाण्याला झुकायचे तसेच, तितकेच. मी आईकडे कमी आणि त्या काट्यांकडे जास्त पाहत होते.

वहीत ती नोंद आहे. गावाचं नाव. त्यापुढे ‘रोवणा, ४ बाया’. ‘साईड बी’. पैशांच्या जागी आडवी रेघ.

पुढची पानं उलटली की तोच शब्द परत भेटतो. कुरखेडा, रोवणा. लाखांदूर, रोवणा. आरमोरी, दोनदा. अर्जुनी. त्या वर्षी दिवाळीपर्यंत एकूण अकरा वेळा. कोणीतरी ऐकलं, विचारलं, आणि काकांनी भरून दिलं. आमच्या घरी तेव्हा अजून टेप नव्हता. म्हणजे आईचा आवाज आमच्या घरी वाजायच्या आधी आजच्या चार जिल्ह्यांच्या मुलखात वाजला. प्रत्येक नोंदीपुढे एक छोटा आकडा आहे, २, आणि त्याला गोल. दिवाळीच्या आधीच्या बाजाराला काकांनी आईला हाक मारली आणि हातावर बावीस रुपये ठेवले. ‘तुमचे हायेत बाई. कॅशेटमागे दोन.’ आईने घरी येऊन चौघींत वाटले. साडेपाच-साडेपाच. मोठ्या मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत त्यांना जे करता आलं नाही, ते त्यांनी इथे केलं, असं मी समजते.

दुकान कसं संपलं ते सगळ्यांना माहीत आहे, सगळीकडे तसंच संपलं. १९९७ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत गुलशन कुमार यांचा खून झाला त्या संध्याकाळी काकांनी दुकान लवकर बंद केलं होतं. पण धंदा तेव्हा अजून जोरात होता. मग सीडी आली, आणि तिच्या मागोमाग एमपी३ची सीडी, एका चकतीवर दीडशे गाणी. उरलेली जागा हा प्रकारच राहिला नाही. मग मोबाईलची मेमरी कार्डं. स्टँडजवळच्या मोबाईलच्या दुकानात कॉम्प्युटरला कार्ड लावून पाच मिनिटांत हजार गाणी भरून मिळायला लागली. भरणारा पोरगा त्यातलं एकही ऐकत नव्हता, आणि त्याला ते शक्यही नव्हतं. काकांनी काही दिवस रिचार्ज कूपनं ठेवली. २००९ मध्ये शटर खाली आलं ते आलंच. २०१६ मध्ये जिओ आलं तोपर्यंत तिथे चपलांचं दुकान होतं.

त्याच २०१६ च्या सुरुवातीला मुंबईच्या काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊस हे गाण्यांचं दुकान बंद झालं, तेव्हा पेपरांत पानभर लेख आले. मी ते कापून ठेवले आहेत. तिथे काउंटरमागे उभ्या असलेल्या माणसांबद्दल लोकांनी जे लिहिलं, ते मला ओळखीचं वाटलं. अमेरिकेत टॉवर रेकॉर्ड्‌ससारखी मोठी साखळी २००६ मध्ये बुडाली आणि दोनच वर्षांनी, २००८ पासून, तिथल्या लहान दुकानदारांनी एकत्र येऊन वर्षातला एक दिवस आपल्या दुकानांच्या नावाने साजरा करायला सुरुवात केली. २०२० मध्ये तर तिथे सीडीपेक्षा जास्त पैसा तबकड्यांच्या विक्रीतून आला. हे वाचून मला बरं वाटतं. एखाद्या शहरात एखादा काका अजून काउंटरच्या मागे बसलेला आहे. पण ज्या दुकानांत दुसऱ्यांची गाणी मिळत होती ती परत येऊ शकतात, कारण ती गाणी कुठेतरी जपलेली आहेत. आमच्या दुकानातला तळाचा खण कुठेही जपलेला नाही. त्याची दुसरी प्रत कोणत्या कंपनीच्या तिजोरीत नाही, आणि फोनमध्ये ‘रोवणा, चार बाया’ असं शोधलं तर काही मिळत नाही. मी शोधलं आहे.

२०१७ मध्ये मी काकांच्या घरी गेले. थकले होते, कानाला कमी येत होतं. कॅसेटींचं विचारलं तर मागच्या खोलीकडे बोट दाखवलं. खोली रिकामी होती. भिंतीतून दोन पावसाळे पाणी झिरपलं, फितींना पांढरी बुरशी धरली, एकमेकींना चिकटल्या. त्यांच्या मुलाने भंगारवाल्याला वजनावर दिल्या. तळाचा खणही त्यात गेला. मुलाला मी दोष देत नाही. त्याच्या हातात दोन पोती प्लॅस्टिक होतं.

‘वही मात्र रद्दीत नाई देली,’ काका म्हणाले आणि उशीखालून काढून माझ्या हातात ठेवली. मी घेतली. पुढच्या वर्षी ते गेले.

मग मी त्या अकरा नोंदींच्या मागे लागले. नोकरीतून सुट्टी मिळेल तसं एकेका गावाला. तीस वर्षांपूर्वी घेतलेल्या कॅसेटचं कोण काय सांगणार. काही घरं राहिली नव्हती, काही माणसं. पण आठवण बऱ्याच जणांना होती. लाखांदूरकडच्या एका आजींनी सांगितलं की त्यांच्या सुनेला रोवण्याची गाणी येत नव्हती, ती त्या कॅसेटवरून शिकली. आरमोरीजवळ एका घरी माळ्यावरून डबा काढला, डब्यात कॅसेटचं रिकामं कव्हर, पांढऱ्या पट्टीवर काकांच्या अक्षरात ‘रोवणा’. मी हात थरथरत उघडलं. आत दुसरीच कॅसेट होती, आरत्यांची.

आता धानाचे रोवणेही बदलले. काही ठिकाणी यंत्र आलं, मजुरीच्या बायका दुरून गाडीत भरून येतात, आणि बांधावर कोणाच्या तरी फोनवर गाणी लागलेली असतात. चौघींपैकी मोठी काकू आणि आत्या गेल्या. मावशी मुलाकडे नागपूरला असते, तिला आता माणसं ओळखू येत नाहीत. राहिली आई. पंचाहत्तरी ओलांडली आहे, डोळ्यांचं ऑपरेशन झालं आहे, आवाज मात्र खणखणीत.

गेल्या श्रावणात मी तिला म्हटलं, तू म्हण, मी भरून घेते. ती आढेवेढे घेत होती. मग पाऊस आला, आणि ओसरीवरच्या टिनावर वाजायला लागला, तेव्हा स्वतःच म्हणाली, आण इकडे. मी फोन तिच्यासमोर तांब्याला टेकवून उभा केला. तिने पदराचं टोक चिमटीत धरलं. पहिली अर्धी ओळ म्हटली, अगदी तशीच, तोच ठेका. आणि थांबली.

मला वाटलं विसरली. विसरली नव्हती. उरलेली अर्धी तिची नव्हती, ती झेलणाऱ्यांची होती. चिमटी हवेत तशीच, मान जराशी एका बाजूला कलती. पडद्यावर सेकंद पुढे जात होते. सोळा, सतरा, अठरा. पाऊस भरला जात होता.

मला ती अर्धी ओळ येते. लहानपणापासून येते. पण मी बारावीनंतर शिकायला गेले ते गेलेच, बांधीत कधी उभी राहिले नाही, आणि झेलायचा हक्क आपल्याला आहे की नाही हे मला त्या क्षणी कळेना. तोंड उघडेपर्यंत वेळ निघून गेली होती. आईने पदर सोडला आणि मांडीवर सारखा केला.

‘बंद कर व तो टेप,’ ती म्हणाली. ‘आधी तू नीट शीक. मग लाव.’